आभासी गावातला कोरडा दिवस

शनिवारी सकाळी नऊ वाजता मॉन्ट्रियलला अजून नीट जाग आलेली नसते, पण आमच्या हॉलमध्ये तेव्हा सांगलीची संध्याकाळ सुरू झालेली असते. माझा नऊ वर्षांचा मुलगा हेडफोन लावून ओरडतो, "अरे दार लाव, झोंबी आला!" पलीकडून, विश्रामबागेतल्या माझ्या बहिणीच्या घरातून, अकरा वर्षांचा भाचा ओरडतो, "थांब रे, आजी चहा देतेय!" तिकडं साडेसहा वाजलेले असतात. दोन आते-मामे भावंडं बारा हजार किलोमीटरवरून एकाच गावात शिरतात आणि पुढचे दोन तास आम्हा मोठ्यांना कुणी विचारत नाही.

हे गाव माईनक्राफ्टमधलं. ज्या आजी-आजोबांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हा स्वीडनमध्ये तयार झालेला एक कॉम्प्युटर गेम आहे, २०११ मध्ये तो पूर्ण रूपात बाजारात आला. त्यात सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. ठोकळे फोडायचे, रचायचे, घर बांधायचं, शेत करायचं. अनेक जण एकाच वेळी त्या जगात हिंडू शकतात. आमच्या पोरांच्या गावाचा सर्व्हर मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालवतो. त्यात फक्त घरातली माणसं येऊ शकतात, बाहेरच्याला प्रवेश नाही. गावात वाडा आहे, विहीर आहे, ऊस आहे, आणि का कोण जाणे, एक आइस हॉकीचं मैदानही आहे.

आज लिहायचंय ते या गावात आलेल्या डेंग्यूच्या साथीबद्दल. पण त्याआधी खऱ्या डेंग्यूबद्दल सांगावं लागेल.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये भाच्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी तपासणीत डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून घरात सगळे खूश झाले आणि त्याच संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. आई माझी निवृत्त नर्स. तिनं वेळ न घालवता त्याला दवाखान्यात हलवलं. डेंग्यूत ताप उतरण्याचा काळ हाच सर्वांत सांभाळायचा काळ असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, प्लेटलेट्स उतरतात, आणि बाहेरून माणूस बरा होतोय असं दिसत असतं. भाच्याच्या प्लेटलेट्स अडतीस हजारांवर आल्या होत्या. मी इथं रात्री दोन वाजता फोन हातात धरून बसलो होतो. परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला ती रात्र माहीत आहे. त्याबद्दल वेगळं काय लिहू?

पोरगा चार दिवसांनी घरी आला. मग मी आपल्या पद्धतीनं कामाला लागलो. म्हणजे काय, तर व्हॉट्सअ‍ॅप. फॅमिली ग्रुपवर डासांचे व्हिडिओ टाकले, पीडीएफ टाकल्या, एक तक्ताही करून पाठवला. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला आला. महिन्याभरानं व्हिडिओ कॉलवर बहीण गच्चीवरून बोलत होती, तर तिच्या मागे फुटक्या बादलीत पावसाचं पाणी साठलेलं मला इथून दिसत होतं. मी म्हटलं, "ताई, अगं ती बादली!" ती म्हणाली, "हो रे, उद्या काढते." ज्या घरातलं पोर नुकतंच डेंग्यूतून उठलंय, त्या घराची ही गोष्ट. यात तिचा दोष नाही. माझ्याही डेस्कवर, पाठ सरळ ठेवून बसा म्हणून सांगणारा कागद चिकटवलेला आहे आणि हे मी वाकूनच लिहितोय.

बदल झाला तो यंदा मे महिन्यात, आणि तोही आईमुळे. एका शनिवारी ती नातवाच्या मागे बसून पोरांचं गाव बघत होती. बराच वेळ बघून तिनं विचारलं, "काय रे, गावात दवाखाना कुठाय?"

पोरं गप्प. वाडा होता, किल्ला होता, दवाखाना नव्हता. आईनं तीस वर्षं शिराळा तालुक्यात उपकेंद्रावर काढली आहेत. डोंगराळ भागातली पायपीट, लसीकरण, बाळंतपणं, ताप सर्वेक्षण, घरोघरी जाऊन पाण्याचे रांजण तपासणं. दवाखाना नसलेलं गाव तिला कसं चालावं! त्या संध्याकाळी उपकेंद्र बांधलं गेलं. मग तिचा दुसरा प्रश्न आला, "आणि पाणी कशात साठवता?"

माईनक्राफ्टमध्ये एक मोठी कढई असते. ती उघड्यावर ठेवली तर पावसात हळूहळू भरते. पोरांनी ती शोभेसाठी प्रत्येक घराच्या गच्चीवर ठेवली होती. आई म्हणाली, "अगदी आपल्यासारखंच आहे की हे. मग डास कुठायत?"

आता हे काम माझ्याकडे आलं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, दिवसा एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. दोन संध्याकाळी बसून छोटा प्रोग्राम लिहिला. कढईत सलग सात दिवस पाणी राहिलं की त्यातून डास निघणार. गेममधला एक दिवस वीस मिनिटांचा, म्हणजे सात दिवस म्हणजे दोन तास वीस मिनिटं. गेममध्ये डास नाहीत, म्हणून वटवाघळांना डास केलं. ते जवळ आलं की माणसाला ताप येणार, चाल मंदावणार, भूक वाढणार. प्रत्येक खेळाडूला कढई रिकामी करण्याची मुभा. बाकी काहीही सांगायचं नाही, असं ठरवलं.

पहिल्या शनिवारी पोरांना काही कळलंच नाही. दुसऱ्या शनिवारी गाव आजारी पडलं. दोघं तलवारी घेऊन वटवाघळांच्या मागे पळाले. एक मारलं की दोन तयार. अर्ध्या तासानं भाचा दमून म्हणाला, "मामा, हे येतायत कुठून?" हाच तो प्रश्न. वर्षभरात माझ्या एकाही पीडीएफमुळे तो कुणाला पडला नव्हता. पंधरा मिनिटांत त्यानं स्वतःच कढई शोधून काढली.

मी खूश होतो. आई नव्हती. तिनं माझा प्रोग्राम समजून घेतला आणि म्हणाली, "चुकलंय तुझं."

"काय चुकलं?"

"डास जन्मतः आजारी नसतो रे. तो आधी आजारी माणसाला चावतो, मग त्याच्या अंगात विषाणू आठ-दहा दिवस वाढतो, आणि मग तो दुसऱ्याला देतो. तुझ्या गावात पहिला आजारी कोण, तेच नाही."

पटलं. मी डास आणि आजार एकच धरून बसलो होतो. प्रोग्राम बदलला. आता ताप एखाद्या आजारी माणसापासून सुरू व्हायचा आणि डास तो पुढे न्यायचा. या एका दुरुस्तीनं पोरांचा खेळच बदलला. आजारी माणसाला मच्छरदाणीत ठेवलं तर साथ थांबते, हे त्यांच्या लक्षात आलं. मच्छरदाणी आपल्याला डासांपासून वाचवते एवढंच मला माहीत होतं. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ती गावाला रुग्णापासून वाचवते, हा दुसरा अर्धा भाग मी नऊ आणि अकरा वर्षांच्या पोरांबरोबर शिकलो. आणि हा डास दिवसा चावणारा, तेव्हा मच्छरदाणी दिवसाही हवी.

हे सगळं करताना मला वाटत होतं, आपण काहीतरी नवीन केलं. शोधायला गेलो तर कळलं, लोक हे वीस वर्षांपासून करताहेत.

२००३ मध्ये सेकंड लाइफ नावाचं आभासी जग सुरू झालं. त्यात आपला एक अवतार घ्यायचा आणि हिंडायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २००६ मध्ये तिथं स्वतःची जागा उघडली होती. त्याच जगात आरोग्याची माहिती देणारी बेटं होती, विद्यार्थ्यांसाठी आभासी रुग्णालयं होती, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनंही तिथं वॉर्ड उभारला होता. मुलांसाठी व्हायव्हिल नावाचं ऑनलाइन गाव होतं. त्यात आभासी फ्लूची साथ यायची आणि मुलांना आपल्या अवताराला लस टोचून घेता यायची. यातलं बरंचसं पुढे ओस पडलं. कारण साधं आहे. फक्त आरोग्याची माहिती घ्यायला म्हणून कुणी आभासी जगात जात नाही. लोक जिथं आधीच खेळायला जमलेले असतात, तिथं आरोग्यानं जायला हवं. आपल्याकडे आरोग्यसेविका हळदीकुंकवाला आणि आठवडी बाजारात का जाते, त्याचं उत्तर तेच आहे.

सर्वांत प्रसिद्ध साथ तर कुणी ठरवून आणलेलीच नव्हती. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममध्ये एक नवा राक्षस आला. तो लढणाऱ्यांना 'दूषित रक्ता'चा रोग द्यायचा. रोग त्या गुहेतच राहावा अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना तो लागला, प्राणी शहरात गेले आणि रोग बाहेर पडला. गेममधल्या दुकानदारांना काहीच होत नव्हतं, पण ते इतरांना रोग द्यायचे. बलवान खेळाडू तगायचे, नवखे क्षणात मरायचे. शहरांच्या रस्त्यांवर सांगाड्यांचा सडा पडला. कंपनीनं विलगीकरण सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. शेवटी प्रोग्राममध्येच बदल करावा लागला. दोन वर्षांनी एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांवरच्या नियतकालिकात यावर लेख लिहिला. त्यांना रोगापेक्षा माणसांच्या वागण्यात रस होता. कुणी धावत जाऊन इतरांना बरं करत होतं, कुणी गावं सोडून पळत होतं, कुणी मुद्दाम रोग पसरवत होतं आणि कुणी नुसतं बघायला म्हणून साथीत शिरत होतं. गणिती मॉडेलमध्ये "नुसतं बघायला येणारा" कुणी धरत नाही. २०२० मध्ये आपण सगळ्यांनी तो आपल्या गल्लीत पाहिला.

आता मॉन्ट्रियल. हे शहर म्हणजे खोट्या जगांचा कारखानाच आहे. सीएई ही विमानं उडवायला शिकवणारी सिम्युलेटर बनवणारी कंपनी १९४७ पासून इथली. जमिनीवर पडून चुका करा, आकाशात नको, हा तिचा धंदा. पुढे तिनं वैद्यकीय प्रशिक्षणाचे श्वास घेणारे पुतळेही बनवले, आणि २०२४ मध्ये तो विभाग विकला. १९९७ मध्ये युबिसॉफ्ट आली, मागोमाग इतर गेम स्टुडिओ आले. माईल एन्ड भागातल्या कॉफीच्या दुकानात शेजारच्या टेबलावर ड्रॅगनच्या पंखांवर गंभीर चर्चा चाललेली असते. पार्क अव्हेन्यूवर मॅकगिल विद्यापीठाचं सिम्युलेशन केंद्र आहे, २००६ पासून. तिथं विद्यार्थी पुतळ्यांवर आणि रुग्णाची भूमिका करणाऱ्या नटांवर सराव करतात. नटांवर का, तर सुई टोचण्याइतकंच वाईट बातमी सांगणंही शिकावं लागतं म्हणून.

आणि याच मॅकगिलमधलं एक काम मला सर्वांत आवडतं. जेरोम वाल्डिस्प्यूल हे तिथले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या गटानं २०१० मध्ये फायलो नावाचा छोटा गेम काढला. रंगीत ठोकळे सरकवायचे, बस. पण ते ठोकळे म्हणजे डीएनएची अक्षरं. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी हीच कल्पना बॉर्डरलँड्स ३ या धडाकेबाज गेममध्ये घातली. गेममधल्या एका प्रयोगशाळेत एक खेळाचं मशीन उभं केलं. गोळीबारातून उसंत मिळाली की तिथं कोडी सोडवायची. कोडी होती माणसाच्या आतड्यातल्या जीवाणूंच्या जनुकांची. ४० लाखांहून अधिक खेळाडूंनी साडेतेरा कोटींहून अधिक कोडी सोडवली आणि २०२४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध नेचर बायोटेक्नॉलॉजीमध्ये आला. गेमच्या बाहेर एक संकेतस्थळ काढून "या, विज्ञानाला मदत करा" म्हटलं असतं, तर एवढी माणसं आली असती का? पुन्हा तेच, बाजारात जाणं.

पण इथं मला थांबावंसं वाटतं, कारण आम्हा इंजिनिअर लोकांना एक खोड असते. साधन मिळालं की प्रश्न सुटला असं आम्हाला वाटतं. मॉन्ट्रियलचाच जुना इतिहास वेगळं सांगतो.

फेब्रुवारी १८८५ मध्ये शिकागोहून आलेल्या एका रेल्वे कर्मचाऱ्याबरोबर इथं देवीची साथ आली. देवीवरची लस तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षं जुनी होती. साधन हातात होतं. पण सुरुवातीला वापरलेली लस दूषित निघाली, लोकांच्या दंडांवर जखमा चिघळल्या, लसीकरण थांबवावं लागलं. गरीब फ्रेंच भाषकांना आधीच ती इंग्रजांची लस वाटत होती. पुढे चांगली लस आली, पण विश्वास गेला तो गेलाच. सक्तीची घोषणा झाल्यावर २८ सप्टेंबरला जमावानं आरोग्य कार्यालयावर हल्ला केला, काचा फोडल्या. त्या साथीत एकट्या शहरात ३,१६४ माणसं गेली. बहुतेक फ्रेंच भाषक, आणि त्यांतही बहुतेक लहान मुलं.

हे वाचताना मला पुणं आठवलं. १८९७ चं. प्लेगसाठी घरोघर झडत्या घेणारे गोरे शिपाई, देवघरापर्यंत गेलेले बूट, आणि २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँडवर झालेला हल्ला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिननं प्लेगची लस स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. आणि त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगानं गेल्या. एकाच साथीची ही तीन रूपं. झडती घ्यायला आलेल्याला लोकांनी दार लावून घेतलं. पण आपला जीव आधी पणाला लावणाऱ्याचं, रुग्णाला उचलून आणणाऱ्याचं म्हणणं लोकांना पटतं. पुण्यात आणि मॉन्ट्रियलमध्ये, बारा वर्षांच्या अंतरानं, माणसं सारखीच वागली.

म्हणून आमच्या ठोकळ्यांच्या गावाचा अनुभव मी फार फुगवून सांगणार नाही. एका घरात, दोन पोरांबाबत झालेली ही गोष्ट. यातून काही सिद्ध होत नाही. शिवाय चांगला फोन, चांगलं इंटरनेट आणि मोकळी शनिवार संध्याकाळ प्रत्येक पोराकडे नसते. जिथं डेंग्यू जास्त, तिथं तर नसतेच बहुधा. मुलांना अनोळखी लोकांच्या ऑनलाइन जगात सोडण्याचे धोके आहेत ते वेगळेच, म्हणून आमचा सर्व्हर बंद दाराचा. आणि त्या पोरांनी ऐकलं ते माझ्या प्रोग्राममुळे किती आणि मागे बसलेल्या आजीमुळे किती, याचा हिशेब मांडला तर मला वाटतं, माझ्या वाट्याला फार थोडं येईल. वटवाघळांनी प्रश्न निर्माण केला. उत्तरावर विश्वास बसला तो आजीमुळे. रात्री दवाखान्यात उशाशी कोण बसलं होतं, ते भाच्याला आठवत होतं.

आईला एकदा विचारलं, "तुझ्या वेळी असा गेम असता तर?" ती हसली. म्हणाली, "आम्हाला शिकवताना फळ्यावर डास काढायचे. पहिल्यांदा रांजणात बॅटरी मारली आणि अळ्या वळवळताना बघितल्या, तेव्हा कळलं. तुमच्या गेममध्ये चूक करता येते, ते चांगलं आहे. आम्ही चुकलो तर कुणाचं तरी पोर जायचं." जरा थांबून म्हणाली, "पण रांजण घासायला लागतो रे. त्याला बटण नाही."

ते खरंच. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी ओतून दिलं तरी कोरडी राहून महिनोन् महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायची, घासायची, कोरडी ठेवायची. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. महाराष्ट्रात आरोग्य खातं याला 'कोरडा दिवस' म्हणतं आणि आपण भिंतीवर ते वाचून पुढे जातो. कूलरचा तळ, फ्रीजच्या मागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरचा टायर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं. हा डास फार लांब उडत नाही. घरात चावला तर बहुधा आपल्या किंवा शेजारच्या घरात वाढलेला असतो.

जुलैच्या एका शनिवारी नऊ वाजून गेले, तरी पलीकडून भाचा आला नाही. माझा मुलगा गावाच्या वेशीवर एकटाच उभा. इकडं माझ्या पोटात गोळा. गेल्या वर्षीपासून सांगलीचा फोन लागला नाही की असंच होतं. साडेनऊला मेसेज आला, सोबत फोटो. गच्चीवर उलटी घातलेली फुटकी बादली, हातात घासणी, मागे आजी कमरेवर हात ठेवून उभी.

"मामा, आज आमच्याकडं कोरडा दिवस आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा टायर राहिलाय. तो झाला की येतो. तोवर त्याला सांग, कढया बघून ठेव."